वसईतली शेवटची दोन अक्षरं

वसईजवळच्या गास गावच्या क्लेमेंट तुस्कानोंनी एका मंगळवारी सकाळी, पावाचा तुकडा चहात बुडवलेला असताना, इंटरनेटचा जागतिक प्रश्न हाती घेतला. पाव चहात विरघळून गेला. प्रश्न पुढचे चार महिने टिकला.

झालं असं, की पेपराच्या आतल्या पानावर एक बातमी होती. इंटरनेटवर ताबा कोणाचा असावा, यावरून जगातली सरकारं एकमेकांशी भांडत होती. काहींचं म्हणणं, ज्याच्या त्याच्या हद्दीत ज्याच्या त्याच्या सरकारचा. काहींचं म्हणणं, सगळ्या सरकारांनी संयुक्त राष्ट्रांत एकत्र बसून ठरवावं. आणि काहींचं म्हणणं, सरकारांनी यात पडूच नये. इथवर क्लेमेंटची काही हरकत नव्हती. सरकारं भांडतात, त्यांचं कामच ते. पण बातमीखाली एक छोटी चौकट होती. हिंदी महासागरातली काही बेटं एका देशाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाणार होती, आणि त्या बेटांच्या नावाची दोन अक्षरं ज्या असंख्य वेबसाइट्सच्या शेवटी लागतात, त्यांचं पुढे काय होणार हे कोणालाच नक्की सांगता येत नव्हतं.

"सालोमी," क्लेमेंटनी बायकोला हाक मारली, "आपल्या साइटच्या शेवटी काय आहे गं?"

"सुरुवातीला काय आहे तेही मला ठाऊक नाही," सालोमी आतून म्हणाली. "चहा गार झाला असेल तर तसं सरळ सांगा."

(ही दोघं घरात आपल्या बोलीत बोलतात. ती बोली इथे जशीच्या तशी लिहिली, तर वसईबाहेरचा वाचक दुसऱ्या ओळीलाच उतरून घरी जाईल. म्हणून सगळं साध्या मराठीत. सालोमीचा तिखटपणा त्यात निम्म्याने कमी झाला आहे, हे वाचकांनी लक्षात ठेवावं.)

आता साइटचं सांगायला हवं. दहा वर्षांपूर्वी, टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्याझाल्या, क्लेमेंटनी गळ्यात छोटा रेकॉर्डर अडकवून सगळा वसई तालुका पालथा घातला होता. विहिरींचे फोटो, केळ्यांच्या जातींची नावं, लग्नातली गाणी, भातलावणीची गाणी, पाचूबंदरच्या बायका मासळीच्या लिलावात बोली कशी लावतात ते. एकोणतीस आवाज त्यांनी गोळा केले. त्यातले निम्म्याहून जास्त आता या जगात नाहीत. पुतण्या गॉडफ्रे कॉम्प्युटरवाला. त्याने हे सगळं इंटरनेटवर चढवलं आणि नाव शोधलं ते मोठं झोकदार. इंग्रजी अक्षरांत 'आमचीवस', मग टिंब, मग 'एआय'. टिंब गिळून वाचलं की 'आमची वसई'. उद्घाटनाला फादरांनी त्यावर पवित्र पाणी शिंपडलं होतं. त्यात गॉडफ्रेच्या लॅपटॉपची दोन बटणं गेली, ती गोष्ट वेगळी.

क्लेमेंटनी तेव्हाच गॉडफ्रेला फोन लावला.

"अंकल, एआय म्हणजे अँग्विला," गॉडफ्रे म्हणाला. तो गोरेगावला ऑफिसात पोचत होता आणि मागे हॉर्न वाजत होते. "कॅरिबियनमधलं आयलंड आहे छोटंसं. प्रत्येक देशाला दोन अक्षरं असतात. आपल्याला आयएन, त्यांना एआय. वसईच्या स्पेलिंगला मॅच झालं म्हणून घेतलं. मस्त ना?"

"म्हणजे वसईतली शेवटची दोन अक्षरं दुसऱ्या देशाच्या ताब्यात आहेत?"

"टेक्निकली, हो."

"आणि त्या बेटावर राज्य कोणाचं?"

"ब्रिटिशांचं, बहुतेक. गव्हर्नर लंडनहून येतो वाटतं. अंकल, मीटिंग आहे, ठेवू?"

क्लेमेंटनी फोन ठेवला. वसईवर पोर्तुगीज येऊन गेले, ते जाताना आडनावं ठेवून गेले. मराठे आले, त्यांनी किल्ला घेतला. मग इंग्रजांनी इथेच पेशव्यांकडून तहावर सही घेतली आणि सगळंच घेतलं. सत्तेचाळीस साली ते गेले, असं क्लेमेंटना शाळेत शिकवलं होतं. आणि आता कळत होतं, की जाताना ते दोन अक्षरं खिशात घालून गेले.

ही गोष्ट साधा माणूस दुपारपर्यंत विसरला असता. पण क्लेमेंट म्हणजे साधा माणूस नव्हे. ते ट्रंक ऑपरेटर होते, पुढे सुपरवायझर. ट्रंक कॉल म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पूर्वी नाशिकला बोलायचं तर एक्स्चेंजला नंबर लिहून द्यावा लागे, मग घरी बसून वाट पाहायची. ऑर्डिनरी कॉल दुपारी लागे, अर्जंट त्याआधी, आणि लायटनिंग कॉल लावायचा तर माणसाच्या घरी काहीतरी घडलेलं असे. क्लेमेंट दोन्ही कानांवर हेडफोन लावून बसत आणि सगळ्या वसईचा आनंद आणि दुःख त्यांच्या हातातल्या वायरीतून जाई. कोणाला नोकरी लागली, कोणाचं कोण गेलं, हे त्यांना घरच्यांच्या आधी कळे. आणि पुढे तीस वर्षांत त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही. तेव्हा फोनला मालक होता. तार तुटली तर लाइनमन हरेश्वर. तक्रार असेल तर क्लेमेंट. क्लेमेंटची तक्रार असेल तर वर इंजिनियर, त्याच्यावर दिल्ली, आणि दिल्लीच्या वर आकाशातला बाप. तेव्हा इंटरनेटचंही कुठेतरी हेड ऑफिस असणार आणि तिथे टेबलामागे एक माणूस बसलेला असणार, याबद्दल त्यांच्या मनात तिळभर शंका नव्हती. फक्त त्या माणसाचं टेबल शोधायचं होतं.

सल्लागारांची गावात वाण नाही. पहिला सल्ला शेजारच्या पीटर मास्तरांनी कुंपणावरून दिला. पीटर मास्तरांनी एकतीस वर्षं भूगोल शिकवला, त्यामुळे पृथ्वीवरच्या कोणत्याही जागेबद्दल ते अधिकाराने बोलत.

"अँग्विला? छोटं बेट. आपल्या गासपेक्षा माणसं जास्त, अक्कल किती ते माहीत नाही," मास्तर म्हणाले. "पण क्लेमेंट, हल्ली एआय म्हणजे कृत्रिम बुद्धी. अख्खं जग त्या दोन अक्षरांच्या मागे लागलंय. तुझ्या साइटवर बुद्धी कुठाय?"

"तिथे विहिरी आहेत."

"तेच म्हणतो मी. अर्ज कर. सरकारकडे अर्ज केल्याशिवाय या देशात बेट मिळत नाही."

क्लेमेंटनी अर्ज केला. विषय: वसई या नावातील शेवटची दोन अक्षरे परकीय ताब्यातून सोडवून मिळणेबाबत. संदर्भ: दिनांक अमुकचे वृत्तपत्र. खाली सहा मुद्दे, तीन प्रती. तो घेऊन ते एका सरकारी कचेरीत गेले. सोबत हरेश्वर.

हरेश्वर जूचंद्रचा. क्लेमेंटसोबत सत्तावीस वर्षं खात्यात लाइनमन, खांबावर चढायचा, वादळात, पुरात, नागपंचमीला आणि नाताळातही. क्लेमेंट सुपरवायझर झाले तेव्हा त्यांना 'सायब' म्हणू लागला आणि निवृत्तीनंतरही ते सुटलं नव्हतं. इंटरनेटमधलं त्याला काही कळत असेल असं क्लेमेंटना वाटत नव्हतं. पण अर्जाचं कळल्यावर तो दुसऱ्याच दिवशी जूचंद्रहून मोटारसायकल घेऊन दारात हजर झाला. "सायब, जायचा तं दोगांनी जायचा," एवढंच म्हणाला. घरी एकटा असतो, बायको जाऊन सहा वर्षं झाली, वेळ जात नसेल, असा क्लेमेंटनी अर्थ काढला.

कचेरीतल्या कारकुनाने अर्ज तीनदा वाचला.

"सातबारा आणलाय?"

"कशाचा?"

"ज्याचा ताबा पाहिजे त्याचा."

"अहो, अक्षरांचा सातबारा कुठून आणणार?"

"मग फेरफार उतारा तरी? आधी कोणाच्या नावावर होती अक्षरं?"

"वसईच्या," क्लेमेंट म्हणाले.

"वसई ही व्यक्ती आहे का? मग वारस दाखला लागेल." त्याने अर्ज परत केला आणि वर आपल्या परीने सहानुभूतीही दाखवली. "बेट म्हणजे पाण्यात ना? मग ते बंदर खात्याकडे जाईल. इथे फक्त जमीन."

बंदर खात्याच्या माणसाने विचारलं, बोट कोणती आहे. तिसऱ्या ठिकाणी सांगण्यात आलं, की नाव बदलायचं असेल तर राजपत्रात जाहिरात द्या. क्लेमेंट म्हणाले, नाव बदलायचं नाही, आहे तेच ठेवायचंय. तेव्हा त्या बाई चकित होऊन म्हणाल्या, "मग तुमची तक्रार काय आहे?"

हा प्रश्न क्लेमेंटना फार लागला. रात्री जेवताना ते सालोमीला म्हणाले, "माणसाने आपलं नाव आहे तसं राहावं म्हणून धडपडायचं, आणि लोकांनी विचारायचं, तक्रार काय."

"मासा घ्या," सालोमी म्हणाली. "तो आहे तसा राहणार नाही. मांजर बघतंय."

शेवटी त्यांनी थेट दिल्लीला लिहिलं. आणि गंमत अशी, की दिल्लीहून उत्तर आलं. अक्षरांबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. पण मुंबईत 'इंटरनेट कोणाचे?' या विषयावर देशोदेशीच्या प्रतिनिधींची परिषद आहे, नागरिकांनाही प्रवेश आहे, इच्छुकांनी नाव, गाव कळवावे, असं होतं. क्लेमेंटनी कळवलं. त्या दिवसापासून ते घरात जरा सावकाश चालू लागले. लग्नातला कोट बाहेर निघाला. तो छातीवर बसेना, तेव्हा सालोमीने बटणं पुढे सरकवून दिली आणि सांगितलं, "परिषद संपेपर्यंत श्वास घेऊ नका."

परिषद एका मोठ्या हॉटेलात होती. गारठा असा, की हरेश्वरने डोक्याला रुमाल बांधला. दारावरच्या मुलीने क्लेमेंटच्या छातीवर बिल्ला लावला. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, 'सी. तुस्कानो, गॅस'. गास गावाचं स्पेलिंग तसंच होतं, त्यात तिची बिचारीची काय चूक. पण त्यामुळे चहाच्या वेळी तीन गृहस्थांनी क्लेमेंटना गाठून समुद्राखालच्या पाइपलाइनींबद्दल विचारलं. एकाने तर डोळे बारीक करून, यंदाच्या हिवाळ्यात युरोपाला पुरवठा होईल का, असं हळूच विचारलं.

"आमच्याकडे केळी होतात," क्लेमेंट म्हणाले. "भाजी, थोडं भात. युरोपाचं सांगता येणार नाही."

त्या गृहस्थांनी हे सांकेतिक भाषेतलं समजून वहीत लिहून घेतलं.

आत भांडण रंगलं होतं. एका देशाचे प्रतिनिधी म्हणाले, माझ्या घरातली खिडकी किती उघडायची ते मी ठरवीन. दुसऱ्या देशाच्या बाई म्हणाल्या, वारा कोणाच्या खिडकीचा नसतो. तिसऱ्याने सांगितलं, वारा वगैरे ठीक आहे, पण सगळे पंखे एकाच देशात बसवलेले आहेत त्याचं काय. हे सगळं क्लेमेंटना निम्मंच कळलं, कारण भाषांतरासाठी कानाला लावायला दिलेल्या यंत्रात फ्रेंच येत होतं. आयुष्यभर कानाला हेडफोन लावलेल्या माणसाला ते यंत्र बदलता येईना, हा अपमान त्यांनी कोणालाच दिसू दिला नाही. उलट अधूनमधून ते मान डोलावत होते. शेजारी हरेश्वर यंत्र न लावताच बसला होता आणि त्याला, पुढे दिसून आलं, सगळं समजलं होतं.

"कोनाचा वायर ते ठरंना यांचा," तो म्हणाला. "तवर लोकांनी बोलायचा नाय का?"

शेवटी श्रोत्यांना दोन-दोन मिनिटं मिळाली. क्लेमेंटचा हात वर गेला. सूत्रसंचालकांनी बिल्ला वाचून जाहीर केलं, "आता ऊर्जा क्षेत्राची बाजू ऐकू या."

क्लेमेंट उभे राहिले, आणि कोटाचं मधलं बटण सुटून पुढच्या रांगेतल्या एका राजदूताच्या कपात पडलं. सहा मुद्दे कागदावर होते, कागद खिशात होता, खिसा कोटाच्या आत होता आणि उरलेल्या बटणांच्या भीतीने कोट आता उघडायची सोय नव्हती. तेव्हा ते जे मनात होतं ते बोलले. म्हणाले, मी गॅसवाला नाही, टेलिफोनवाला आहे. आमच्या वेळी वादळात तार तुटली की ती पंचायतीच्या हद्दीत पडली की रेल्वेच्या, हा वाद दुसऱ्या दिवशी चाले. हा माझा मित्र हरेश्वर रात्रीच खांबावर चढून ती जोडायचा. कारण पलीकडे कोणाची तरी आई आजारी असायची. तुमचं काय ठरायचं ते ठरो. पण आमच्या गावच्या नावातली दोन अक्षरं एका बेटावर आहेत आणि त्या अक्षरांवर आमची एकोणतीस माणसं टांगलेली आहेत. तुमच्या भांडणात ती खाली पडू देऊ नका, एवढंच.

टाळ्या वाजल्या. राजदूतांनी बटण धुऊन परत केलं. पण ठरावात क्लेमेंटचं नाव आलं नाही. दुसऱ्या दिवशीच्या एका पेपरात फक्त, 'गॅस उद्योगाचाही नियंत्रणास विरोध', एवढंच छापून आलं. पीटर मास्तरांनी ते कात्रण कापून चर्चच्या फळ्यावर लावलं.

क्लेमेंट जिद्दीला पेटले. आता थेट जिनिव्हाला. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना तिथे आहे, क्लेमेंटच्या टेलिफोन खात्यात सगळ्यांना ते नाव देवळातल्या घंटेसारखं ठाऊक होतं. तीन आठवडे ते खोलीत बसून निवेदन लिहीत होते. त्यात इ.स. १७३९ पासून सुरुवात होती. जेवायला हाक मारली तरी 'पेशवाईत आहे' असं उत्तर येई.

आणि एका सकाळी हरेश्वर दारात उभा राहिला. डोक्यावर हेल्मेट तसंच, पायातल्या चपला वेगवेगळ्या.

"सायब," तो म्हणाला, "हंसा लागत नाय."

क्लेमेंटना कळलंच नाही. हंसा म्हणजे हरेश्वरची बायको. ती तर सहा वर्षांपूर्वी गेली. म्हातारपणी माणसांचं असं होतं, हे त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी त्याला हाताला धरून आत बसवलं.

"हरेश्वर, हंसावहिनी गेल्या रे."

"ते मला माहीत नाय का?" हरेश्वर चिडला. त्याने खिशातून मोबाइल काढून पुढे धरला. "तुमचे त्या साइटवर हाय ना ती. लावनीचा गाना. रोज सकाली लावतंय मी. चार दिवस झाले, नुसता पांढरा पान येतंय. मोबाइल दुकानात दाखवला. तो बोल्ला, मोबाइल चांगला हाय, तुमचा गावच बंद हाय."

क्लेमेंटनी चष्मा लावला. पांढरं पान. त्यांनी आपल्या मोबाइलवर लावून पाहिलं. पांढरं पान. जूचंद्रच्या बांधावर त्यांनीच ते गाणं रेकॉर्ड केलं होतं, एकोणतिसातलं सतरावं. आणि चार महिने हा माणूस कचेऱ्यांच्या पायऱ्या त्यांच्याबरोबर चढत होता, हॉटेलात कुडकुडत होता, आणि क्लेमेंटनी एकदाही विचारलं नव्हतं, की तुझं यात काय आहे.

"मला बोललास का नाहीस?"

"तुमी मोठं काम करत होतंव," हरेश्वर म्हणाला. "बेटाचा. मधी बायकोचा काय सांगायचा."

गॉडफ्रेने दहा मिनिटांत रोग शोधला. नावाची मुदत संपली होती. दर दोन वर्षांनी ते नाव पुन्हा आपल्या नावे करून घ्यायचं असतं. त्याच्या सूचना गॉडफ्रेच्या जुन्या ऑफिसच्या ईमेलवर गेल्या होत्या आणि ते ऑफिसच आता नव्हतं. जगातल्या कोणत्याही सरकारने काही केलं नव्हतं. क्लेमेंट इंग्रजांशी लढत असताना मागच्या दाराची कडी आपोआप निघाली होती, इतकंच.

"आवाज तरी आहेत ना तुझ्याकडे?" क्लेमेंटनी विचारलं.

फोनवर गॉडफ्रेचा आवाज एकदम खाली आला. म्हणाला, "अंकल, सगळं त्या नावाच्याच खात्यावर होतं, तेही बंद झालं. जुना लॅपटॉप मी केव्हाच... तुमचा रेकॉर्डर?"

रेकॉर्डर मागच्या एका पुरात गेला होता. घरात कमरेएवढं पाणी होतं. तेव्हा क्लेमेंटच लोकांना सांगत होते, काळजी नाही, आमचं सगळं इंटरनेटवर सुरक्षित आहे.

नाव परत घ्यायला काही आठवड्यांची सवलत होती. मग नाव दुसऱ्या कोणालाही घेता येणार होतं. गॉडफ्रेने ज्या कंपनीमार्फत नाव घेतलं होतं तिथे लिहिलं, तर तिथल्या यंत्राने कळवलं, तुमची ओळख पटवण्यासाठी आम्ही तुमच्या ईमेलवर एक अंक पाठवला आहे. म्हणजे बंद ऑफिसच्या. पुन्हा लिहिलं, यंत्राने पुन्हा तेच कळवलं, आणि आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात, असं विचारलं. असं अकरा वेळा झालं. इंटरनेट माझं म्हणणारी एवढी सरकारं जगात होती, आणि फोन उचलून 'बोला' म्हणणारा एक माणूस सापडत नव्हता.

क्लेमेंटनी जिनिव्हाचं निवेदन फाइलमध्ये घालून फाइल कपाटावर ठेवली. सहा मुद्दे, तीन प्रती, सतराशे एकोणचाळीस, सगळं. मग त्यांनी गॉडफ्रेला त्या बेटावरच्या, नावांचा कारभार पाहणाऱ्या कचेरीचा फोन नंबर शोधून द्यायला सांगितलं.

"अंकल, असं डायरेक्ट कोणी फोन करत नाही."

"मी फोनच करायचो," क्लेमेंट म्हणाले. "आयुष्यभर."

आपल्याकडे संध्याकाळ झाली की तिथे सकाळ. सात वाजता क्लेमेंट खुर्चीत ताठ बसले. शेजारी हरेश्वर, पाठीमागे सालोमी. घंटी वाजू लागली, लांबची, मधे समुद्र असल्यासारखी. पलीकडे एका बाईचा आवाज आला, आणि क्लेमेंटच्या तोंडून कित्येक वर्षांनी आपोआप निघून गेलं, "गुड मॉर्निंग, ट्रंक एक्स्चेंज, वसई."

पलीकडे ती बाई मोठ्याने हसली.

"ट्रंक एक्स्चेंज! कुठून बोलता? माझी मावशी होती टेलिफोन ऑपरेटर. हा शब्द मी तिच्यानंतर ऐकलेला नाही."

पुढची पाच मिनिटं दोघं टेलिफोनबद्दलच बोलले. तिथेही वादळं येतात आणि तारा तुटतात. तिथेही त्या मावशीला गावातलं सगळं माहीत असायचं आणि तीही कोणाला काही सांगायची नाही. मग क्लेमेंटनी सगळी हकिगत सांगितली. बाई म्हणाल्या, नाव परत करणं त्यांच्या हातात नाही, ते ज्या कंपनीकडून घेतलं तिच्याच हातात. क्लेमेंटचा चेहरा उतरला. तो बघून हरेश्वरने फोन त्यांच्या हातातून घेतला आणि थेट मराठीत म्हणाला, "बाय, माजी बायको हाय गो तिकडं. तिला ठेव. कुनाला देऊ नको."

"काय म्हणाले ते?" बाईंनी विचारलं.

क्लेमेंटनी सांगितलं. त्यांच्या इंग्रजीत ते वाक्य होतं त्याहून साधं झालं.

बाई म्हणाल्या, "लिहून घ्या." कोणते कागद, कोणावर सही, कोणत्या पत्त्यावर. त्या कंपनीत यंत्राच्या मागे बसणारा खराखुरा माणूस कोण, हे त्यांना ठाऊक होतं. त्याला त्या स्वतः दोन ओळी लिहिणार होत्या. क्लेमेंटनी सगळं वळणदार अक्षरात उतरवून घेतलं, परत वाचून दाखवलं, जसं तार घेताना वाचतात तसं, आणि शेवटी, ट्रंक कॉलची तीन मिनिटं संपली की ऑपरेटर सांगे त्या सवयीने, म्हणाले, "थ्री मिनिट्स ओव्हर, मॅडम."

"तुमच्यासाठी वाढवून दिले," बाई म्हणाल्या.

नऊ दिवस गेले. त्यात सालोमीने नऊ दिवसांच्या प्रार्थनेचे दोन नोव्हेने एकदमच करून टाकले, पीटर मास्तरांनी फळ्यावरचं कात्रण स्वतःहून काढलं, आणि हरेश्वर रोज सकाळी जूचंद्रहून येऊन ओट्यावर बसून जाऊ लागला. दहाव्या दिवशी दुपारी, हरेश्वर अजून ओट्यावरच असताना, गॉडफ्रेचा फोन आला, "अंकल, बघा जरा."

क्लेमेंटनी पाहिलं. विहिरी होत्या. केळी होती. पाचूबंदरच्या बायका होत्या. त्यांनी सतराव्या ओळीवर बोट ठेवलं आणि मोबाइल ओट्यावर, दोघांच्या मधे ठेवला.

चिखलातल्या पायांचा आवाज आला. मग हंसाचा गळा, थोडा चिरका, आणि मागून इतर बायकांचा. क्लेमेंट डोळे मिटून ऐकत राहिले. त्या वेळी जूचंद्रला स्टेशनपर्यंत भातच भात होतं, आता तिथे टॉवर आहेत. त्या बांधाच्या जागी कोणाचं तरी पार्किंग असेल. गाणं संपलं. क्लेमेंट मोबाइलला हात लावणार, तोच हरेश्वरने त्यांचं मनगट धरलं.

"थांबा. अजून नाय संपला."

खरंच, गाण्यानंतर थोडा वारा होता. बायकांचं हसणं होतं. आणि मग हंसा, गाण्यातली नव्हे, नेहमीची, लांब कुठेतरी पाठमोरी होऊन ओरडलेली:

"ओ! क्लेमेंटभावजींना च्या दिलाव का नाय?"

आणि खट्. रेकॉर्डर बंद.

एवढंच होतं. गाणं त्याला पाठ होतं, ते बायका अजूनही कुठे कुठे म्हणतात. हरेश्वर रोज सकाळी त्या एका हाकेसाठी सगळं गाणं ऐकायचा.

त्याने मोबाइल उचलून तोंडाजवळ नेला आणि खांबावरून खाली ओरडावं तसा ओरडला, "दिला गो! दिला च्या!"

"हळू बोल," क्लेमेंट म्हणाले. "जवळच आहे ते."

"जवल कुठं? बेटावर हाय ती." हरेश्वरने मोबाइल त्यांच्यापुढे केला. "तुमी पन सांगा. माझ्यावर तिचा विश्वास नाय."

क्लेमेंटना तो दिवस स्वच्छ आठवत होता. आभाळ भरून आलं होतं, रेकॉर्डर भिजेल म्हणून ते घाईने निघाले होते, आणि हरेश्वर गप्पांच्या नादात चहाचं साफ विसरला होता. घरी येईपर्यंत त्यांचं डोकं दुखत होतं, इतकी चहाची तलफ आली होती.

ते पुढे वाकले, घसा साफ केला, आणि ऑपरेटरच्या आवाजात, एकेक शब्द सुटा, म्हणाले,

"घेतला, वहिनी. दोन कप घेतला."